दादाच्या उंचीचा मांडव

सिंदेवाहीहून फोन आला की मी आधी खाली बसायचे आणि मग तो उचलायचे. दादाला लकवा झाल्यापासून ही सवयच लागली होती. आम्ही सगळे इतकी वर्षं एका बातमीची वाट बघत होतो, असं म्हणणं वाईट दिसतं, पण खरं ते तेच. गडचिरोलीला माझ्या कपाटात एक पिशवी कायम भरलेली असे. दोन साध्या साड्या, टॉवेल, माझ्या गोळ्या. म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको. त्या दुपारी फोन वाजला तेव्हा मी जेवून ताट उचलत होते. पलीकडून दादाच्या शेजारच्या कांताबाई बोलत होत्या.

“प्रभाबाई, लवकर निघा जी.”

“दादा?” मी विचारलं.

त्या म्हणाल्या, “दादा नाई जी बाई... वैनी.”

“कोणती वैनी?”

मला वैनी एकच. सुलोचनावैनी, दिवाकरदादाची बायको. तरी मी तसं विचारलं, आणि कांताबाईंनी न रागावता सगळं पुन्हा सांगितलं. सकाळी दादाला चहा-टोस्ट देऊन वैनी मागच्या वाडीत वालाच्या शेंगा तोडायला गेल्या. कांताबाईंना भिंतीवरून त्या वाफ्याच्या कडेला बसलेल्या दिसल्या, तेव्हा वाटलं निंदण काढत असतील. पाण्याची मोटर लावू का म्हणून हाक मारली, तर वर बघेनात. दुसऱ्यांदा हाक मारली... डॉक्टर आले तेव्हा काही उरलं नव्हतं. हृदय, म्हणाले. दादा घरात खाटेवर होता. बायको का येत नाही म्हणून तो काठी जमिनीवर आपटत राहिला होता, आणि तो आवाज रोजचाच म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

भरलेली पिशवी घेऊन मी निघाले. मूलला गाडी बदलली. पुढचा रस्ता जंगलातला, माघातली पानगळ सुरू झालेली. सगळा वेळ मला एकच वाटत होतं की काहीतरी चूक झाली आहे, नावं बदलली गेली आहेत, आणि तिथं पोचले की वैनीच दार उघडेल.

तेरवीला पुष्कळ लोक आले. दादाच्या राईस मिलमधले, नाटकातले, वैनीच्या माहेरचे. जो तो एकच बोलत होता. “काय हात होता बाईचा!” “भाजीपाल्याचा लय शौक.” “येवढ्याशा जागेत दोडके म्हणू नका, कारले म्हणू नका, कोहळे म्हणू नका...” दादा-वैनीचा मुलगा, माझा भाचा निखिल नागपूरहून आला होता. त्यानं आईचा फोटो मोठा करून आणला, त्यातही तिच्या हातात हा एवढा दुधी. फोटोसमोर कुणीतरी वाडीतलीच शेंगांची परडी ठेवली. मी सगळ्यांना चहा देत होते, मान डोलवत होते. बोलायचं त्राण नव्हतं. पण तेव्हापासून एक गोष्ट मनाला टोचत राहिली आहे, आणि आता इतक्या आठवड्यांनी थोडी उसंत मिळाली म्हणून ती लिहिते आहे. माझ्या वैनीला भाजीपाल्याचा शौक नव्हता. मुळीच नव्हता. मातीत हात घालायचा तिला कंटाळा होता.

तिचं माहेर धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलाला लागून. घरी थोडी धानाची शेती. कळत्या वयापासून ती रोवणीला जायची. दिवसच्या दिवस वाकून, गुडघाभर चिखलात. पावसाळाभर पायाच्या बोटांत चिखल्या व्हायच्या, रात्रीतून खाजवून रक्त यायचं. उन्हाळ्यात मोह वेचणं, तेंदूची पानं तोडणं. हे सगळं ती मला कौतुकानं सांगत नसे. “लगीन जमलं तवा मी बापाले येकच इचारलं,” ती सांगायची, “का घरी फरशी हाये का?” आमच्या घरी होती. पुढच्या खोलीत शहाबादी फरशी आणि सैपाकघरात कोबा. नवी नवरी म्हणून आली त्या दुपारी मी तिला ओल्या फडक्यानं ती फरशी पुसताना पाहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. पुसून झाल्यावर ती अनवाणी त्या थंड फरशीवर उभी राहिली, नुसतीच, आणि मी बघते आहे हे लक्षात आल्यावर लाजली.

घराच्या मागे तेव्हा वाडी अशी नव्हतीच. टिनाचं एक दार, आणि त्यामागे अरुंद, लांबट जागा. दादाच्या मिलमधून आलेलं भंगार, फुटके कौल, बेशरमाची झुडपं. पावसाळ्यात सगळ्यांच्या मागे दोडक्याचे वेल चढायचे, आमच्याकडे ते दार बंद असायचं. आमची आई म्हणायची, चार बिया तरी टाक. वैनी हसून सोडून द्यायची. मला मात्र एकदा म्हणाली, “मातीत हात घालाले मी इथी नाई आली बाई.” मी तिच्याहून लहान, पण नणंद म्हणून तिनं मला कायम ‘बाई’च म्हटलं.

दादाबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तो मिलमध्ये फिटर. सहा फुटांच्या आसपास उंच, खांदे रुंद, आणि आवाज असा की मिलची यंत्रं चालू असताना त्याला ओरडावं लागत नसे. दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या गावागावांत नाटकं सुरू होतात, त्यांत तो खलनायक व्हायचा. सिंदेवाहीपासून पार चामोर्शीपर्यंत त्याला लोक ओळखायचे. बाजारात पोरं त्याला बघून आईमागे लपायची आणि त्याला त्याचा अभिमान. वैनी बायकांच्या बाजूला मागे बसून नाटक बघायची, आणि घरी आल्यावर म्हणायची, “लय वरडता तुम्ही.” एवढंच. पण त्याच्या मिशीचा डबा, भरजरी अंगरखा, बूट ती स्वतः नीट ठेवायची.

त्या माणसाची उजवी बाजू एका सकाळी मिलमध्ये गेली, आणि बोलणं गेलं. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात कितीतरी दिवस काढले. घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं नीट समजावून सांगितलं होतं की ह्यांना रोज चालवा, धरून धरून, पण चालवा. वैनीनं ते मनावर घेतलं. पण चालवायचं कुठं? घर ते केवढं, चार पावलांत भिंत येते. समोरचा रस्ता होता. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला रस्त्यावर नेलं तर लोक जमले. प्रेमानंच जमले. कुणी पाया पडलं, कुणी हात हातात घेतला. आणि नाटकातल्या एका जुन्या साथीदारानं त्याला बरं वाटावं म्हणून त्याचंच ते गाजलेलं हसणं करून दाखवलं, तेच, पडदा पडताना खलनायक हसतो ते. सगळे हसले. दादाच्या तोंडातून लाळ गळत होती आणि त्याला ती पुसता येत नव्हती, कारण डावा हात वैनीच्या खांद्यावर होता. तिनं पुसली. त्यानंतर तो समोरच्या दारातून कधी बाहेर गेला नाही. ओढलं तरी नाही.

मग वैनीनं टिनाचं दार उघडलं. मी त्या वेळी तिथं नव्हते, हे मला तिनंच नंतर सांगितलं. भंगार विकलं, बेशरम उपटला, जमीन धुम्मसून सपाट करून घेतली. आठवडी बाजारातून बांबू आणले, पडक्या गोठ्याच्या ऐनाच्या लाकडी बल्ल्या होत्या त्या घेतल्या, मच्छरदाणीचे लोखंडी दांडे, एका मोडक्या पंख्याचा दांडा, जे मिळेल ते. आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत खांब गाडले, इतक्या अंतरावर की दादाचा डावा हात एक खांब सोडून दुसरा धरू शकेल. जाताना एक रांग, येताना दुसरी. डावीकडेच धरता यावं म्हणून. सगळं तयार झाल्यावर तिनं त्याला दारात आणून उभं केलं.

“पाह्यलं त्यायनं,” ती म्हणाली. “मंग माह्याकडं पाह्यलं. अन् असा आवाज काढला बाई... मी तसा आवाज कधी आयकला नाई. अन् मागंच फिरले.”

“का गं?”

“नागडे खांब ना जी ते. दवाखान्यात लोखंडी दांड्यायच्या मधात चालवत होते, तसंच. त्यायले वाटलं असन, आता घर बी दवाखाना करून टाकलं हिनं.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो खाटेवरून उठलाच नाही. मग तिनं काय केलं, तर बाजारातून बिया आणल्या. दोडका, वाल, कारलं. ज्या बाईला त्या मातीतून सुटायचं होतं तिनं गुडघे टेकून प्रत्येक खांबाशी आळं केलं. खांबांवरून तारा ओढल्या, त्यावर बांबूच्या कामट्या आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकल्या, चिंध्यांनी बांधल्या. मांडव झाला. कांताबाईंना हसू आलं होतं, कारण मांडवाचे खांब एवढे दाट कुणी गाडत नाही, आणि मांडव एवढा उंचही कुणी करत नाही. आपल्याकडे मांडव म्हणजे वाकून खाली शिरायचं. वैनी बुटकी, तिच्या हाताला तर वरचं पानही लागत नव्हतं. “सुलोचनाबाई, तोडसान कशा?” त्यांनी विचारलं. वैनी म्हणाली, “मले नाई तोडाचं.”

वेल वर चढले, फुलं आली, दोडके लोंबायला लागले, तोवर तिनं दादाला एकदाही मागे चला म्हटलं नाही. मग एका सकाळी परडी घेऊन त्याच्या खाटेशी उभी राहिली. “अवो, दोडके जून होऊन राह्यले. माह्या हाताले येत नाई. येवढे तोडून द्या मले.” हे वाक्य तिनं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं, आणि म्हणताना ती जराही हसली नव्हती. मला वाटतं, तिला ते वाक्य सुचायलाच इतके दिवस लागले असावेत. दादा उठला. दारात थांबला. हिरवं झालं होतं सगळं, खांब दिसत नव्हते. त्यानं हात पुढे केला आणि पानांत घातला, तर आत खांब होता.

मी ते पहिल्यांदा पाहिलं ते पुढच्या पोळ्याला गेले तेव्हा. तोडताना खांब सोडावा लागे, एकच हात तो. म्हणून तो आधी खांबाला खांदा टेकवायचा, हात मोकळा करायचा, दोडका पिरगाळायचा आणि न बघता मागे धरायचा. मागे वैनी परडी घेऊन असायची. मग पुढचा खांब. मधेच एखादा कोवळा तोडला की ती ओरडायची, “अवो, तो नाई! तो राहू द्या!” आणि दादाच्या चेहऱ्याची जी बाजू चालत होती ती हसायची. फार दिवसांनी मी माझ्या भावाला कुणाची तरी बोलणी खाताना पाहत होते, आजाऱ्यासारखं नाही, नवऱ्यासारखं. मला रडू आलं. मी घरात गेले तर पुढच्या खोलीच्या फरशीवर चिखलाचे पाय उमटलेले. एक पाऊल नीट, आणि एक लांब ओरखडा, त्याच्या ओढत्या उजव्या पायाचा. वैनी पाठोपाठ आली, फडकं घेतलं, आणि पुसायला लागली. नंतर ती रोजच पुसायची, सकाळ-संध्याकाळ.

लोक म्हणाले तसं भाजी पुष्कळ यायची. ती वाटून टाकायची. दादाला दोडका आवडत नसे आणि तिला कारलं.

पण वर्षं काही थांबत नाहीत. ती वाडी जिवंत ठेवणं म्हणजे केवढं काम होतं हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. वानरांची टोळी येऊन मांडवावर बसली की सगळं खाली. पावसात बांबू कुजायचे, उन्हाळ्यात उधई लागून लाकूड पोखरायची. बादलीनं पाणी घालायचं, खांब हलला की पुन्हा ठोकायचा, कारण हलता खांब दादानं धरला तर तो पडेल. तो पडला की तिला एकटीला उचलत नसे. आणि दादा काही संत नव्हता. बोलता येत नाही त्या माणसाचा राग हातात उतरतो. ताट भिरकावणं, काठी आपटणं, तिनं त्याला घातलेला शर्ट ओढून काढणं. एका दुपारी आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होतो. दादा आत झोपला होता. ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, “थकली बाई मी.”

“हो गं, काम फार पडतं तुला...”

“कामाचं नाई सांगून राह्यली.” तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. “सकाळी डोळे उघडले का पयले वाटते, आजचा दिवस कोणी घेऊन गेला पायजे. कोणीबी. मंग उठतोच मी. उठाव लागते. पण वाटते बाई तसं. कोणाले सांगू?”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आत काठी आपटली. ती उठली, लुगड्यावरची टरफलं झटकली आणि गेली. शेंगा तशाच पडून राहिल्या, मग मीच सोलल्या.

निखिलला हे दिसत नव्हतं असं नाही. पोरगा चांगला आहे. त्यानं नागपूरला फ्लॅट घेतला तेव्हा हट्टानं दोघांना नेलं. लिफ्ट होती, नळाला दिवसभर पाणी, धुण्याभांड्याला बाई, दादाला उचलायला एक माणूस. घरभर चकचकीत फरशी. पॅसेजमध्ये त्यानं बापासाठी भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घेतला. मी महिन्याभरानं भेटायला गेले तर वैनी ओळखू येईना. गाल भरले होते, डोळ्यांखालचं काळं कमी झालं होतं. संध्याकाळी ती बिल्डिंगमधल्या बायकांबरोबर खाली फिरायला जायची, दुपारी पाय लांब करून टीव्ही बघायची. मला खालपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, “मले इथी बरं वाटते बाई. मस्त वाटते.” आणि मग गेटशी थांबून, माझ्याकडे न बघता, “पण ह्यायचा पाय सुकून राह्यला.”

तो स्टीलचा दांडा दादानं एकदाही धरला नव्हता. खिडकीशी खुर्चीत बसायचा. माणूस आला, उचललं, बसवलं, निजवलं. मांडी बारीक व्हायला लागली होती. ताटातलं अर्धं टाकायचा. निखिलनं डॉक्टर आणले, कसले कसले व्यायाम आणले. दादा सगळ्यांकडे मान हलवायचा आणि कुणी गेलं की डोळे मिटून घ्यायचा. पावसाळा तोंडावर आला तशी वैनीनं सामान बांधलं. निखिल चिडला. मी फोनवर होते, मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, “आई, तुला इथं बरं होतं ना? खरं सांग.”

“होतं ना.”

“मग?”

“मंग काई नाई. चाल, गाडी काढ.”

ती परत आली ते उद्ध्वस्त वाडीत. उधईनं निम्मे खांब खाल्ले होते, मांडव भुईसपाट, सगळीकडे गवत. त्या वयात तिनं सगळं पुन्हा उभं केलं. ह्या वेळी मी आठवडाभर राहून मदत केली. ती खड्डा करायची, मी खांब धरायचे. ती एकदाही म्हणाली नाही की तिथं बरं होतं. उलट एका खांबाला हात लावून मला म्हणाली, “जरासा इकडं घ्या जी. ह्यायचा हात आता पयलेसारखा लांब जात नाई.” मग आम्ही सगळे खांब आणखी जवळजवळ गाडले. दिवाळीपर्यंत दादा पुन्हा चालत होता. कमी, हळू, पण चालत होता.

त्या दिवाळीलाच तिची-माझी शेवटची नीट भेट. ती बोलता बोलता छातीवर मूठ ठेवत होती. मी विचारलं. “गॅस हाये जी. सकाळी उपाशी चहा घेतो ना मी.” मी म्हटलं, गडचिरोलीला चल, तपासून घेऊ, दोन दिवसांचं काम आहे. “दोन दिवस ह्यायले कोण पाह्यन? वाल संपू द्या. मंग येतो.” वाल संपला नाही...

तेरवीनंतर निखिल दादाला न्यायला गाडी घेऊन दारात उभा राहिला. मला तेच योग्य वाटत होतं. पण दादानं दाराची चौकट डाव्या हातानं अशी धरली की दोन माणसांना सोडवता येईना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. निखिलनंच शेवटी हात सोडला आणि पायरीवर बसून रडला. मी नोकरीतून मोकळी झालेली, घरी वाट बघणारं कुणी नाही. म्हटलं, होळीपर्यंत राहते. होळी होऊन गेली. मी इथंच आहे. दुपारी एक बाई येते दादाला अंघोळ घालायला, बाकी मी करते. इतक्यातच माझी कंबर गेली आहे. वैनीनं हे सगळं इतकी वर्षं कसं ओढलं, ह्याचा विचार करण्याइतकंही बळ संध्याकाळी उरत नाही.

सुरुवातीला दादा मागे जायला तयार नव्हता. मीही आग्रह केला नाही. वेल वाळून कोळ झाले होते. उन्हं तापायला लागली, वाळक्या पाल्यात साप-विंचू नको म्हणून मी एका सकाळी ते ओढून काढायला घेतले. एकेक खांब उघडा होत गेला. बांबूवर दादाच्या हाताच्या उंचीला एक जागा काळपट, गुळगुळीत झालेली, तेलपाणी केल्यासारखी. ते माझ्या लक्षात यायचंच. पण त्याच खांबावर, मागच्या अंगाला, बरंच खाली, आणखी एक तशीच जागा होती. लहान. मला वाटलं, बकरी अंग घासत असेल. पुढच्या खांबावरही तेच. त्याच्या पुढच्याही. दाराजवळच्या खांबांवर फिकट, आणि मागच्या भिंतीकडे जावं तशी जास्त गडद. मी आणि वैनी उंचीला जवळपास सारख्याच. मी तिथं हात ठेवून पाहिला, तो नीट बसला. तिच्या एका हातात परडी असायची. दुसरा हात दादाच्या पाठीशी असतो, असं आम्ही सगळे समजत होतो.

किती दिवसांपासून तीही खांब धरून चालत होती, कोण जाणे. पानांत दिसलं नाही कुणाला.

मी तिथंच खाली बसले. केव्हातरी मागे काठीचा आवाज झाला. दादा दारात उभा होता, कुणी न आणता आलेला. मी उठून त्याच्या मागे गेले. वेल नव्हते, तोडायचं काही नव्हतं. तरी त्यानं काठी दाराला टेकवली, पहिला खांब धरला आणि निघाला. तेव्हापासून रोज सकाळी तो निघतो. उन्हं वर यायच्या आत. मी मागे असते.

मात्र अर्ध्या वाटेवर, ऐनाच्या एका जाड बल्लीपाशी तो थांबतो. पहिल्या दिवशी मला वाटलं दमला. म्हटलं, “बस जरा, खुर्ची आणते.” त्यानं मान हलवून नाही म्हटलं. त्याला धाप लागली नव्हती, पाय थरथरत नव्हता. तो खांद्यानं बल्लीला टेकला, जड मान हळूहळू मागे वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझ्या छातीकडे, मग पुन्हा तोंडाकडे. बराच वेळ. मी नीट श्वास घेते आहे ह्याची त्याची खात्री झाली, तेव्हा कुठं त्यानं पुढचा खांब धरला.

दुसऱ्या दिवशीही तो तिथंच थांबला. आजही थांबला होता. मला वैनीसारखा दम लागलेला नसतो, तरी मी आता त्याच्यासोबत थांबते.